दादाचा पट्टा

तिच्या खिशात कायम एक बाटली असे. डोळ्यांत औषध घालायची असते तेवढीच. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. त्याचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की साइटवर कुणाची जीभ तिथवर पोचत नसे. सगळे त्याला थेंब म्हणत, आणि तिला थेंबेताई. नवीन आलेला माणूस ते आडनावच समजे. ती त्याला तसंच समजू देई.

रस्ता जिथून जायचा होता तिथली माती काळी, चिकट आणि महालबाड. पाणी प्याली की फुगे. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडत. तिच्यावर रस्ता ठेवायचा म्हणजे बसलेल्या म्हशीच्या पाठीवर ताट वाढून ठेवण्यासारखं. ती कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून तिच्यात चुना मिसळायचा. वीतभर खोल, अगदी एकजीव. पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचा. मग पुन्हा मिसळून रोलरने दाबायचा. चुना नीट भिनला की मातीचा हट्ट जातो. मुठीत दाबली तरी तिचा गोळा होत नाही, भुगा होतो. आणि चुना कुठवर पोचला ते थेंब सांगे. पोचला असेल तिथे माती गुलाबी होई. नसेल तिथे थेंब नुसता जिरून जाई.

"बाकीचे चुना लावून फसवतात, आपण न लावता फसवू शकतो," रोलरवाला म्हणे. त्याचा रोलर ज्या वेगाने चाले त्यावरून त्याला सगळे मुंगीमामा म्हणत. हा विनोद तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवी आणि स्वतःच हसे.

थेंबेताई हसत नसे. ती कुदळीने खड्डा करी, त्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत थेंब सोडी आणि बघत उभी राही. गुलाबी रेघ वीतभर उतरली नाही तर पट्टा नापास. मग समोर कुणी का असेना.

"ताई, दोन बोटं तर कमी आहे," मिसळणारे गयावया करत.

"माझ्याशी काय बोलता? त्याच्याशी बोला," असं म्हणून ती बाटली पुढे करी.

लोक तिला खडूस म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि ते तिला मनापासून आवडे.

असं खडूस होणं तिला फुकट मिळालेलं नव्हतं. शाळेत तिला शास्त्र आवडायचं. वडील गेले, शाळा थांबली, लग्न झालं. सासरी तिला मारझोड नव्हती. पण तिने तोंड उघडलं की तिथे भांडी आपटायची. हळूहळू ती बोलेनाशी झाली. भाऊ एकदा सहज भेटायला आला. ती पाणी देऊन गप्प उभी राहिली. त्याने विचारलं, बरी आहेस का. तिने मान हलवली. तो तिच्याकडे थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "तुझी ट्रंक कुठे आहे?"

तो ट्रॅक्टर घेऊनच आला होता. ट्रंक ट्रॉलीत टाकली. गल्ली बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाला असं उघड्यावर नेतात का. भावाने तिला ट्रॉलीत बसवलं नाही. आपल्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर बसवलं आणि सगळ्या गल्लीतून पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली.

त्याच दादाने तिला साइटवरच्या लॅबमध्ये चिकटवलं. लॅब म्हणजे पत्र्याची खोली. त्यात ओव्हन, चाळण्या, तराजू आणि मातीच्या पिशव्या. लॅबवाल्या काकांनी शिकवलं ते तिने अधाशासारखं उचललं. मग संध्याकाळचे वर्ग करून तिने परीक्षाही दिली. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची तिला मिळाली. बोलणं तर तिला केव्हाच परत मिळालं होतं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलंसुद्धा.

दादा रोटाव्हेटर चालवी. ट्रॅक्टरच्या मागे लावलेलं, गरगर फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र. चुना पसरला की दादा त्यावरून जाई, आणि मागे माती चाळलेल्या पिठासारखी पडे. तो मागे वळून बघतही नसे. आवाजावर चाले. पाती दगडाला लागली, ओलीत रुतली, वर उचलली गेली, सगळं त्याला कानाने कळे. नव्या पोरांना इंजिनियर सांगत, दादाचा पट्टा बघून या.

ती त्याचा पट्टा तपासी तेव्हाही कुदळ मारी. पण एकदाच आणि हातभर अंतरावर उभं राहून. वरची माती उकरली, थेंब टाकला, गुलाबी. झालं. दादाच्या पट्ट्यात वीतभर खाली कोण कशाला बघेल?

एके दिवशी मोरीचा एक पाइप टाकायचा राहून गेल्याचं लक्षात आलं. मजुरांनी दाबून तयार झालेल्या पट्ट्याची कड उभी कापली. ती तिथून चालली होती. कापाची भिंत उन्हात होती. वरची चार बोटं माती करडी, भुरभुरीत. त्याखाली काळी आणि चकचकीत, सुरीने कापलेल्या साबणासारखी.

ती थांबली. बाटली काढली. वर थेंब टाकला. गुलाबी, इतका गडद की जांभळा वाटावा. खाली टाकला. काहीच नाही. आणखी एक टाकला. काहीच नाही. ती कापाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही तेच. वीतभराचा सगळा चुना वरच्या चार बोटांत कोंबला होता. खालची माती कोरी होती. पाणी लागलं की ती उठणार होती, आणि वरचं कडक कवच पापडीसारखं उचलून फेकणार होती.

पट्टा दादाचा होता.

दादा ट्रॅक्टरच्या सावलीत डबा खात होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, पाती बघू."

"जेवतोय."

"जेव. मी बघते."

ती यंत्राखाली वाकली. पाती झिजून नखांसारखी झाली होती. तिने एकावर बोट फिरवलं.

"यांनी कसली वीतभर माती मिसळली जाणार? हे वरवर खाजवतंय फक्त. खालची जमीन लागली की यंत्र वर चढतंय."

"चढलं असतं तर आवाज बदलला असता."

"नाही बदलला?"

दादा घास चावत राहिला. मग म्हणाला, "बदलला. गोड झाला. मला वाटलं, माती छान लागलीय."

"वरचीच माती पुन्हा पुन्हा दळली जात होती. म्हणून गोड."

त्याने डब्याचं झाकण लावलं. जेवण अर्धं होतं. "तुझी बाटली शिळी झाली असेल."

"वर गुलाबी दाखवते आणि खाली शिळी होते का?"

"मग तू आधी कसा पास केलास?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं. ते तिला सांगवेना.

"उखडायला लागेल," ती एवढंच म्हणाली.

"माझा पट्टा?"

"हो."

"बये, मी या कामात आलो तेव्हा तू पाटीवर रेघोट्या मारत होतीस."

"म्हणूनच तुला सांगतेय. दुसऱ्याला सांगितलं नसतं, सरळ उखडला असता."

तो उठला, ट्रॅक्टरवर बसला आणि इंजिन सुरू केलं. काम नव्हतं तरी. तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

दादाचं घर गॅरेजच्या मागे, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत ती झोपे. संध्याकाळी वहिनीने ताटं वाढली ती अशी की प्रत्येक ताट जमिनीवर टेकताना आवाज व्हावा. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"वन्सं, खरं का हो ते?" वहिनी म्हणाली. चिडली की ती तिला जास्तच मानाने बोलावी.

"खरं आहे."

"त्यांनी तुम्हाला ट्रॅक्टरवर बसवून आणलं. आता तुम्ही त्यांना ट्रॅक्टरवरून उतरवा. फिटलं म्हणजे."

"वहिनी, रस्ता फुगला तर नाव कुणाचं जाईल?"

"कुणाचंच नाही. रस्त्यावर कुणी नाव लिहितं का? लोक म्हणतील रस्ता खराब आहे, आणि हॉर्न वाजवून निघून जातील."

हे खरं होतं. आणि खरं होतं याचाच थेंबेताईला राग आला.

"मग मी कशाला आहे तिथे?" ती म्हणाली. "शोभेला?"

"शोभेला तुम्हाला कोण ठेवील?" वहिनी म्हणाली, आणि इतक्या रागातही तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिने तो सरळ केला. "जेवा. निवतंय."

सकाळी ती इंजिनियरच्या केबिनमध्ये गेली. साइट इंजिनियर तरुण होता, हुशार होता, आणि त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिने सगळं सांगितलं. त्याने मध्येच थांबवलं नाही.

"तुमचं चूक आहे असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "मी पण तो काप बघितला. पण आज खडीचे ट्रक यायचेत. हा पट्टा थांबला की पुढचं सगळं थांबतं. आणि पट्टा तुम्हीच पास केलाय."

"मीच केलाय. म्हणून मीच नापास करते."

"एका कापावरून? तिथे दगड असेल, यंत्र उचललं गेलं असेल. बाकी पट्टा ठीक असेल."

"नसेल."

"असेल-नसेलवर मला ट्रक परत पाठवता येत नाहीत, ताई. पूर्ण पट्टा तसाच आहे हे दाखवा. मी थांबवतो. ट्रक यायच्या आत."

"माणसं द्या खणायला."

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर मजूर उभे होते. सगळ्यांना कळलेलं होतं. "मागून बघा," तो म्हणाला.

तिने मागितली. कुणी कुदळीचा दांडा सैल आहे म्हणालं. कुणाची पाठ धरली होती. दादाच्या पट्ट्यावर कुदळ मारायला कुणाचा हात उठेना. मुंगीमामा रोलरवरून म्हणाला, "थेंबेताई, माझा रोलर घ्या हवा तर. पण तो खणत नाही, नुसता दाबतो. माझ्या बायकोसारखा."

तिने स्वतः कुदळ उचलली.

दाबलेली, चुन्याने घट्ट झालेली माती. पहिला घाव परत आला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या देऊन गेला. वरचं कवच खरोखर कडक होतं, दादाच्या हातचं. ती त्यावर चिडून मारत राहिली. कवच फुटलं तशी कुदळ खाली लोण्यात शिरावी तशी शिरली. कोरी माती. तिने थेंब टाकला नाही, पुढे गेली. थोड्या अंतरावर दुसरा खड्डा. मग तिसरा, आता पलीकडच्या कडेला. घामाने ओल्या हातांना चुना लागला आणि तळवे भाजल्यासारखे चुरचुरायला लागले. तिने हात धुतले, ओढणी फाडून गुंडाळली आणि पुन्हा कुदळ धरली. प्रत्येक खड्ड्यात तीच गोष्ट. वर पीठ, खाली साबण.

दादा पट्ट्याच्या टोकाला ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता. पाठ तिच्याकडे.

ट्रक आले तेव्हा ती मधल्या खड्ड्यात होती. पहिला ट्रकवाला ट्रक उलटा घेत घेत तिच्यापर्यंत आला आणि त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, बाजूला व्हा. खाली करायचंय."

"कर."

"तुम्ही खड्ड्यात आहात."

"दिसतंय मला."

"अंगावर पडेल."

"मग पाड. वरून रोलर फिरवा. मी काही फुगणार नाही, या मातीपेक्षा बरी आहे मी रस्त्याखाली."

मुंगीमामा हसला आणि लगेच गप्प झाला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मागच्याने दिला. त्याच्या मागच्यानेही दिला. इंजिनियर केबिनच्या पायरीवर येऊन उभा राहिला. ती खड्ड्यात उभी होती, मांडीपर्यंत पण नाही, जेमतेम पोटऱ्या बुडतील एवढा तो खड्डा. त्यात उभं राहून ती साऱ्या रांगेकडे बघत होती. सासरी ज्या बाईने मान हलवून उत्तर दिलं होतं ती ही नव्हती. कुणाला ते ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं, एकाला सोडून.

तो उठला. माणसं बाजूला झाली. सगळ्यांना वाटलं, आता दादा तिला दंडाला धरून काढणार. तिलाही वाटलं. तिने कुदळ आडवी धरली.

दादा खड्ड्याशी येऊन उकिडवा बसला. तिच्याकडे बघितलं नाही.

"बाटली."

तिने दिली. त्याने वर थेंब टाकला. गुलाबी. मग खाली. त्याने वाट बघितली. थेंब जिरला. त्याने बाटली परत दिली, खालून चिमूटभर माती काढली, थुंकीने ओली केली आणि दोन तळव्यांत वळली. चुना भिनलेली माती वळत नाही, तुटते. ही वळली. बारीक, लांब, दोरीसारखी. त्याने ती दोरी बोटाला गुंडाळली. तुटली नाही. ती बोटावर तशीच ठेवून तो पुढच्या खड्ड्याकडे गेला. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी बसला, वळली, उठला. हॉर्न बंद झाले होते.

परत आला तेव्हा त्याच्या सगळ्या बोटांना काळ्या अंगठ्या होत्या.

"ट्रक मागे घे," तो ट्रकवाल्याला म्हणाला. मग इंजिनियरला, लांबूनच, "साहेब, खडी नको. पट्टा उखडायचाय."

इंजिनियर जवळ आला. त्याने स्वतः एक खड्डा बघितला आणि मान डोलावली. "ठीक आहे. थांबवतो मी. पण आता तुम्ही यंत्रावर बसायचं नाही. दुसरा माणूस देतो मी."

"बिघडवलंय मी, करणार मी."

"वर काय सांगू मी?"

"सांगा, म्हातारा खाली उतरत नाही."

इंजिनियरने थेंबेताईकडे बघितलं. बहुतेक तिने काही तरी म्हणावं असं त्याला वाटत होतं.

"नवी पाती बसवली तर त्याच्यासारखं कुणी मिसळत नाही," ती म्हणाली. "आणि नाही मिसळलं तर मी आहेच."

"तू बोलू नकोस माझ्या बाजूने," दादा म्हणाला. "तुझी बाजू तिकडे आहे."

घरी तो तिच्याशी बोलला नाही. साइटवरही बोलला नाही. वहिनी दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करी आणि दोघांनाही टोमणे देई. "वन्सं, तुमचे बंधू विचारतात साबण कुठे आहे. मी सांगितलं, रस्त्याखाली."

पाती आली. त्याने ती स्वतः बसवली, एकेक बोल्ट, कुणाला हात लावू न देता. माती सपाट करणाऱ्या ग्रेडरच्या मागच्या नखांनी पट्टा उखडला गेला. दिवसभर मेहनतीने बांधलेलं असं फाडलं जाताना तो उभा राहून बघत होता. खालच्या मातीसाठी नवा चुना पसरला. टँकरने पाणी मारलं. दादा यंत्रावर चढला. या वेळी तो मागे वळून बघत होता. वारंवार. कानावरचा त्याचा विश्वास उडाला होता आणि ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. तिला ते बघवलं नाही, पण ती बघत राहिली.

माती रात्रभर मुरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवून झाली. ती कुदळ घेऊन मागून निघाली. तो ट्रॅक्टर बंद करून सीटवर बसून राहिला, समोर बघत.

तिने पहिला खड्डा केला. वीतभर. थेंब सोडले. भिंत वरपासून खालपर्यंत गुलाबी झाली.

"झालं?" तो वरूनच म्हणाला. इतक्या दिवसांतला पहिला शब्द.

"झालं."

"अजून खाली खण."

"खाली कच्ची जमीन आहे. ती तुझी नाही."

"माझी कुठे संपते ते बघायचंय."

तिने आणखी खणलं. थेंब सोडले. गुलाबी एका ठिकाणी थांबला, पट्टी धरल्यासारखा, आणि खाली काळी माती तशीच राहिली. रेघ वीतभराच्या थोडी खालीच होती. दादा खाली उतरला. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पुढे असंच असेल," तो म्हणाला.

"असेलही. मी खणणार."

"सगळीकडे?"

"दुसऱ्यांच्या पट्ट्यात जितके खणते तितके. पहिल्यापासून खणते. फक्त तुझ्याच पट्ट्यात खणत नव्हते."

दादाने तिच्याकडे बघितलं. आता त्याला त्या दिवशीच्या आपल्या प्रश्नाचं उत्तर कळलं. तू आधी कसा पास केलास. त्याने तिच्या हातातली कुदळ घेतली, दांडा जमिनीवर आपटून फळ घट्ट बसवलं, आणि परत दिली.

"पुढचा खड्डा कडेला घे," तो म्हणाला. "वळताना यंत्र तिथे उचललं जातं. मी असतो तर तिथे खणलं असतं."

ती कडेला गेली आणि तिथे कुदळ मारली.